बॉयलररूममधले अण्णा

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार. पेडगाव

दुपारच्या पॅसेंजरने आले. मंगळवारी अण्णांचं, माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. गेल्या वर्षी ही तिथी ६ डिसेंबरला होती, यंदा नोव्हेंबरातच आली. दादाने कीर्तन ठरवलंय, मंडपवाल्याला सांगून झालंय. पेपरात द्यायचा ‘प्रथम पुण्यस्मरण’चा मजकूर मात्र माझ्यासाठी राखून ठेवलाय. “तू शाळेत शिकवतीस, तूच लिही,” म्हणाला.

नमुन्याच्या मजकुरात प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू अशी विशेषणं आहेत. अण्णा हे सगळं होतेच. पण ज्याने त्यांना कधी पाहिलं नाही, त्याला एवढ्यावरून काय कळणार? मी त्यांचं सर्व्हिस बुक घेऊन बसले आणि आधी नुसत्या नोंदी उतरवल्या. १९६४ला सतराव्या वर्षी नौदलात भरती. विशाखापट्टणमला नौदलाच्या ‘सिरकार्स’ तळावर पोरगेल्या खलाशांचं प्रशिक्षण. मग लोणावळ्याला ‘शिवाजी’वर इंजिनाचं शिक्षण. १९६८ ते १९७३ आयएनएस विक्रांत. वीस वर्षांची नोकरी करून १९८४ला चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त. त्यानंतर चाळीस वर्षं पेडगावात शेती.

आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. “काय लिहायलीस?” मी वाचून दाखवलं. “विक्रांत मोठ्या अक्षरात टाक,” एवढंच म्हणाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

परभणीच्या कोरडवाहू पट्ट्यातला पोरगा नौदलात कसा गेला, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तरी आज लिहूनच ठेवते. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने साडेपाचशे किलोमीटर. पाणी म्हणजे विहिरीचं आणि पावसाळ्यात ओढ्याचं. अण्णा पोहायला शिकले ते चुलत्याच्या विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. पुढे नौदलाच्या पोहण्याच्या परीक्षेत तेच कामाला आलं, असं ते सांगायचे. जहाजावर कुणी गाव विचारलं की “जगात जर्मनी, भारतात परभणी” हे ठरलेलं उत्तर. पंजाबी आणि मल्याळी सोबत्यांनाही त्यांनी ते पाठ करायला लावलं होतं.

भरती होऊन निघाले तेव्हा आमच्या मार्गावर मीटरगेजची गाडी होती. आजोबा स्टेशनवर आले नाहीत, रागावले होते. थोरला मुलगा, हाताशी आलेला, तो समुद्रावर जातो म्हणजे काय? आजीने भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली. पहिल्या पगाराची मनीऑर्डर आली त्या दिवशी आजोबांचा राग गेला. पोस्टमनपुढे अंगठा उठवताना त्यांचा हात थरथरत होता, हे मला आत्याने सांगितलं.

त्या मनीऑर्डरींची कुपनं आईने जपून ठेवली आहेत. फॉर्मच्या खालचा तो बोटभर रुंदीचा तुकडा. वर पैशांचा आकडा आणि उरलेल्या जागेत दोन ओळींचा मजकूर. आज एकेक काढून वाचलं. शाई विटून तपकिरी झालीय, पण अक्षर लागतं.

“पाऊस झाला का? बैलाला सरकी आणावी.”

“धाकटीची फी यातून भरणे. तिला शाळेतून काढू नये.”

“माझी काळजी नको. अंगावर घ्यायला मिळते, जेवण चांगले.”

“आईच्या डोळ्याला परभणीस दाखवावे. खर्चाचे पाहू नये.”

एकाही कुपनावर समुद्र नाही, जहाज नाही, लढाई नाही. दर महिन्याच्या त्या दोन ओळींत फक्त पेडगाव आहे. ‘धाकटी’ म्हणजे माझी आत्या. ती मॅट्रिक झाली, पुढे नर्स झाली. १९७२च्या दुष्काळात निम्मं गाव खडी फोडायला जात होतं, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतं, तेव्हा आमचं घर या कुपनांवर उभं होतं. चुलत्याची दोन मुलंही त्याच चुलीवर जेवली. अण्णांनी याचा उच्चार कधी केला नाही. आम्हाला हे आत्याकडून आणि त्या चुलतभावांकडून कळलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मंडप पडला. दिवसभर माणसं. लिहायला वेळ नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

श्राद्ध पार पडलं. दादाने पिंड दिले. महाराजांनी कीर्तनात पुंडलिकाची कथा लावली. आई-बापाची सेवा करणाऱ्या माणसासाठी ती ठरलेलीच असते, पण अण्णांच्या बाबतीत शोभली. पोळ्या, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. दोनेकशे पान उठलं. परभणीहून माजी सैनिक आले होते, बहुतेक सगळे पायदळातले. नौदलाचे फक्त दोघे, त्यांतले एक काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, नातवाच्या मोटारसायकलवर बसून आलेले.

हे काका संध्याकाळपर्यंत थांबले. अण्णांशी त्यांची ओळख निवृत्तीनंतरची, पण दोघेही इंजिनाच्या बाजूचे. मी त्यांना विचारलं, बॉयलररूममध्ये नेमकं काय करतात? अण्णांनी सांगितलेलं मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं, सलग कधी ऐकलं नव्हतं.

काकांनी सतरंजीवर बोटाने आकृती काढली. विक्रांतला चार बॉयलर. त्यांत फर्नेस ऑइल जाळायचं, पाण्याची वाफ करायची, त्या वाफेवर टर्बाइन फिरतात आणि त्यांच्या जोरावर पंखे. विमान डेकवरून फेकणारं कॅटापुल्टही वाफेवरच. म्हणजे खाली वाफ कमी पडली तर वर विमान उडत नाही. बॉयलरसमोर उभ्या माणसाची नजर दोन गोष्टींवर. एक काचेची नळी, तिच्यात बॉयलरच्या पाण्याची पातळी दिसते. पाणी खाली गेलं तर नळ्या जळतात, वर चढलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडतात. दुसरी गोष्ट धूर. वरून वेग वाढवण्याचा हुकूम आला की तेलाचे जास्त स्प्रेयर सुरू करायचे, त्याच क्षणी हवाही वाढवायची. हवा कमी पडली तर धुरांड्यातून काळा धूर, जास्त झाली तर पांढरा. लढाईत दोन्ही वाईट, कारण धूर कोसावरून दिसतो. चार तासांची पाळी, अंगातून घाम निथळतोय, आणि बाहेर दिवस आहे की रात्र ते कळत नाही.

हे ऐकताना मला आईची चूल आठवली. अण्णा अंगणातून येता येता चुलीच्या धुराकडे बघायचे आणि म्हणायचे, “हवा कमी पडायली, लाकडं सैल कर.” आम्हाला वाटायचं ही त्यांची सवयच आहे.

काका जाताना आईच्या पाया पडले. वयाने ते तिच्याहून मोठे. आई संकोचली. ते म्हणाले, “वहिनी, जहाजावरच्या माणसाचं घर ज्यांनी राखलं त्यांच्या पाया पडायलाच पाहिजे.”

२७ नोव्हेंबर, गुरुवार

परभणीला परत. काल चंपाषष्ठीचा नैवेद्य करून निघाले. पेपरातला मजकूर छापून आलाय. विक्रांत मोठ्या अक्षरात नाही, पण आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

शाळेत ४ डिसेंबरला नौदल दिनाचं भाषण करायला मुख्याध्यापकांनी मला सांगितलंय. मुलांना सांगायचं म्हणून १९७१च्या भारत-पाक युद्धाचं सगळं पुन्हा नीट लावून घेतलं.

नौदल दिन ४ डिसेंबरला, कारण १९७१च्या त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. पुस्तकात हे ठळक असतं. अण्णा मात्र त्या वेळी देशाच्या दुसऱ्या कडेला, बंगालच्या उपसागरात होते. विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, वेगावर मर्यादा आली होती. अशा जहाजाला युद्धावर न्यावं की बंदरात ठेवावं, यावर वरच्या पातळीवर बराच खल झाला. शेवटी नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा आणि पूर्व विभागाचे व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी तिला पूर्वेकडे आणलं. म्हणजे खाली उभ्या स्टोकरांवर, बॉयलर सांभाळणाऱ्या खलाशांवर, जो भार आला, तो ठरवून टाकलेला होता. जायबंदी बॉयलरच्या शेजारी उभं राहून उरलेल्यांतून लढाईपुरती वाफ काढायची. तेव्हा अण्णा चोवीस वर्षांचे होते, लग्नाला वर्ष झालं होतं.

पाकिस्तानने ‘गाझी’ पाणबुडी विक्रांतच्याच शोधात पाठवली होती. कृष्णन यांनी विक्रांत अंदमानकडे लपवून ठेवली आणि ती विशाखापट्टणमलाच असल्याची हवा उठवली. एवढ्या मोठ्या जहाजाला लागेल इतक्या धान्य-भाजीची मागणीही तिथल्या व्यापाऱ्यांकडे नोंदवली गेली. जुनी विनाशिका ‘राजपूत’ विक्रांतची जागा घेऊन पुढे गेली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशीच बुडाली. ४ तारखेला सकाळी विक्रांतच्या सीहॉक विमानांनी कॉक्सबझारवर झेप घेतली, मग चितगाववर. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तोवर पूर्व पाकिस्तानची बंदरं बंद पडली होती. समुद्राकडून सैन्याला ना रसद आली, ना पळायला वाट राहिली.

त्या दिवसांत पेडगावात आई काय करत होती? आज फोनवर विचारलं. ती म्हणाली, “कापूस वेचीत होते. दुसरं काय करणार? ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातम्या लागायच्या, तिथं बाया जात नव्हत्या. तुझे आजोबा ऐकून यायचे आणि काहीच सांगायचे नाहीत. त्यांच्या तोंडाकडं बघून आम्ही अंदाज करायचो.” फ्लीट मेल ऑफिस, मुंबई या पत्त्यावर तिने घरच्यांकडून दोन पत्रं लिहवून घेतली होती. उत्तर आलं ते संक्रांतीच्या सुमारास. गाझी विक्रांतच्या मागावर होती, हे तिला कळायला वीस वर्षं लागली. अण्णांनी सांगितलंच नव्हतं. का नाही सांगितलं, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, “झाल्यावर सांगून तिची झोप कशाला मोडायची?”

अण्णा घरातल्या माणसांशी कसे वागले, ते सगळं मला या एका वाक्यात दिसतं. कर्ज काढलं तरी आम्हाला ते फिटल्यावर कळायचं. स्वतःच्या हृदयाचं दुखणं त्यांनी सहा महिने लपवलं, ते मात्र चुकलंच त्यांचं. ते मी तेव्हाही बोलले, आजही म्हणते. माणसाने घरच्यांना थोडं तरी घाबरू द्यावं.

३ डिसेंबर, बुधवार

उद्याचं भाषण लिहिताना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचं नाव आलं आणि थांबले. अण्णांच्या वहीत त्यांच्या निधनाच्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं आहे, नोव्हेंबर २०१८चं. खाली अण्णांच्या अक्षरात: “कामोर्ताचे कॅप्टन. ७१.”

विक्रांतच्या संगतीने बंगालच्या उपसागरात ज्या युद्धनौका होत्या, त्यांत ‘कामोर्ता’ होती. तिचे कप्तान आवटी. त्या मोहिमेसाठी त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे ते पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि १९८३मध्ये निवृत्त. आणि राहायला कुठे गेले? फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. साताऱ्याचा तो कमी पावसाचा भाग. पस्तीस वर्षं तिथे राहिले, तिथेच ब्याण्णवाव्या वर्षी गेले.

विंचुर्णीत बसून त्यांनी जे केलं, ते मुलांना सांगायलाच हवं. एकट्या भारतीयाने शिडाच्या होडीतून जगाला वळसा घालावा, ही कल्पना त्यांची. नौदलाने ती उचलली. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१०ला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमींनी कुठेही न थांबता तीच फेरी २०१३मध्ये पूर्ण केली. ‘तारिणी’ घेऊन निघालेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी २१ मे २०१८ला गोव्यात परतल्या, तेव्हा आवटी हयात होते.

अण्णांना हे सगळं तोंडपाठ होतं. पेडगावच्या शाळेत दरवर्षी जाऊन ते पृथ्वीगोल फिरवून दाखवायचे, म्हादेई कुठून कुठे गेली ते. आवटी व्हाइस ॲडमिरल, अण्णा स्टोकर. एक जहाजाच्या ब्रिजवर, दुसरा दुसऱ्याच जहाजाच्या तळाशी. दोघांची भेट कधी झाली नाही. तरी निवृत्त झाल्यावर शहर सोडून गावात जाऊन राहणारा मोठा अधिकारी अण्णांना फार जवळचा वाटायचा. ते म्हणायचे, “ॲडमिरल गावात राहतात, मग आपल्याला काय झालं?” १९८४ला त्यांना मुंबईत एका कारखान्यात बॉयलरची नोकरी लागत होती, चांगल्या पगाराची. आजोबा अंथरुणाला खिळले होते. अण्णा दोन पेट्या, आई आणि आम्हा दोघांना घेऊन पेडगावला उतरले ते कायमचे.

आल्यावर पंचक्रोशीतली ऑइल इंजिनं त्यांच्याकडे यायला लागली. पैसे घ्यायचे ते फक्त सुट्या भागांचे. इंजिन चालू करून पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, “याला दोन महिने आहेत,” किंवा “आजच खोल.” शेतकरी त्यांचं ऐकायचे, कारण ते बरोबर निघायचं. आंधळ्या झालेल्या आजीला रोज आंघोळ घालणं, केस विंचरणं हे कामही बारा वर्षं त्यांनीच केलं. आई करते म्हणाली तर म्हणायचे, “मी वीस वर्षं नव्हतो, आता माझी पाळी.”

४ डिसेंबर, गुरुवार

भाषण झालं. आज दत्तजयंतीही, त्यामुळे मुलं थोडी कमी होती. एका सातवीच्या मुलीने विचारलं, “बाई, विक्रांत आता कुठंय?”

खरं तेच सांगितलं. १९६१ला नौदलात आली, १९९७ला निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ला भंगारात निघाली, दारूखान्याच्या किनाऱ्यावर तोडली गेली. त्याच नावाची नवी विक्रांत देशात बांधली आणि २ सप्टेंबर २०२२ला कोचीत नौदलात दाखल झाली. तो सोहळा अण्णांनी टीव्हीसमोर उभं राहून पाहिला होता.

जुनी विक्रांत महाराष्ट्राला जपता आली नाही, याचं मला वाईट वाटतं. किनाऱ्यावर उभ्या जहाजाची डागडुजी फार खर्चाची असते हे मान्य. पण बॉयलररूममध्ये उतरून मुलांना ती काचेची नळी दाखवता आली असती, तर माझ्या भाषणाची गरजच पडली नसती.

९ डिसेंबर, मंगळवार. पेडगाव

मुद्दाम रजा टाकून आले. ९ डिसेंबरला अण्णा दिवसभर उपास करायचे. १९७१ला याच रात्री दीवच्या समुद्रात पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. ‘सिरकार्स’वर अण्णांच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा एक सोबती खुकरीच्या इंजिनरूममध्ये होता. टॉर्पेडो लागल्यावर वर यायला सर्वांत कमी वेळ तळातल्या माणसांना मिळतो, असं अण्णा सांगायचे आणि मग उठून बाहेर जायचे.

आज आईने उपास धरला. मीही धरला. दादा शेतातून लवकर आला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन हातचं गेलं होतं. आता टाळकी ज्वारी बरी आलीय, तूर शेंगांवर आहे, असं सांगत होता. संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून अण्णांबद्दल जे आठवेल ते एका दोनशे पानी वहीत उतरवायला घेतलं. आई सांगते, मी लिहिते, दादा तारखा जुळवतो. आईला आठवलेली एक गोष्ट मला आजपर्यंत ठाऊक नव्हती. दादाचा जन्म मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ इस्पितळात झाला, तेव्हा अण्णा समुद्रावर होते. परत आल्यावर त्यांनी सव्वा महिन्याच्या बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं आणि आईला म्हणाले, “याचं नाव तूच ठेव. तेवढा हक्क तुझाच.”

कप्तानांवर, ॲडमिरलांवर पुस्तकं आहेत, आणि ती असायलाच हवीत. स्टोकरवर, स्वयंपाक्यावर, सिग्नलवाल्यावर पुस्तक लिहायला कुणी येणार नाही. १९७१ला जहाजावर असलेली ही माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत. मराठवाड्यात, विदर्भात, जिथे समुद्र कुणी पाहिलेला नसतो अशा गावांतही ती आहेत. ज्यांच्या घरात असा माणूस असेल, त्यांनी या हिवाळ्यात त्याच्याजवळ बसावं. जहाजाचं नाव, कोणत्या खात्यात होते, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, सोबती कोण, हे विचारून लिहून घ्यावं. आणि त्याच्या मागे घर कुणी सांभाळलं, तेही विचारावं. त्या बाईचं नाव त्याच पानावर लिहावं.